युअन बिल्ड ऐकायचा

युअन मॅथिसन जन्मापासून आंधळा होता, आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आमच्या ऑफिसातला सगळ्यांत पक्का प्रोग्रॅमर होता. या दोन गोष्टी एका दमात सांगितलेल्या त्याला खपायच्या नाहीत.

"आंधळा असून किती हुशार, असंच ना?" पहिल्याच आठवड्यात त्याने मला टोकलं होतं. "ग्रँट टकला असून किती हुशार, असं का नाही म्हणत कोणी?"

ग्रँट आमचा मालक. तो पलीकडच्याच टेबलावर बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मी हुशार नाही म्हणून."

मी मोरॅग. बालक्लुथा या लहान गावातल्या शाळेत काही वर्षं गणित शिकवलं, मग कंटाळून डनीडिन शहरात आले आणि या धंद्यात शिरले. आमची कंपनी लहान. आसपासच्या नगरपालिकांच्या वेबसाइट आम्ही करायचो: कुत्र्यांची नोंदणी, घरपट्टी, वाचनालयाचं सभासदत्व, स्मशानातली जागा. हे सगळं उभं होतं ‘टुई’ नावाच्या फ्रेमवर्कवर. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. जावामध्ये लिहिलेला, फुकट, आणि त्याचा मूळ कोड सगळ्यांना उघडा. डनीडिनच्याच एका विद्यार्थ्याने तो सुरू केला, आमच्याकडच्या एका पक्ष्याचं नाव दिलं आणि पुढे क्रॉमवेलला द्राक्षं पिकवायला निघून गेला. मग जगातल्या चारदोन ठिकाणच्या चारदोन माणसांनी तो सांभाळला. युअन त्यांतला एक. पानावरच्या फॉर्मचा भाग पूर्णपणे त्याच्याकडे होता.

टुई आम्ही तयार उतरवून घेत नसू. युअन मूळ कोड आणायचा, त्यात दुरुस्त्या करायचा आणि बिल्ड करायचा, म्हणजे त्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बांधून काढायचा. मी नवी होते, मला हा खटाटोप समजेना.

"तयार मिळतंय तर तेच का नाही वापरत?"

"ते तयार कोण करतं, बाई? मीच करतो," तो म्हणाला. "बस इथे. स्क्रीन बंद कर तुझा."

"मग मला दिसणार कसं?"

"छान प्रश्न आहे. मलाही कधीचा पडलाय."

मी स्क्रीन बंद केला. त्याने सांगितलेली कमांड टाइप केली आणि त्याच्या सांगण्यावरून हात मांडीवर ठेवून बसले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा त्याच्या संगणकातला आवाज त्याने माझ्या मशीनवरही बसवला होता. तो त्याने इतका वेगात लावलेला होता की पत्र्यावर गारा पडाव्यात तसं काहीतरी ऐकू आलं. त्यात शब्द आहेत हेच मला पटेना. युअन खुर्चीत मागे रेलून, हनुवटी किंचित उचलून ऐकत होता, आणि मधूनमधून मला सांगत होता.

"आता लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आणतोय. आता गाभा जुळतोय. हां, आता टेस्ट, कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या. हा फॉर्मचा भाग. इथे वेळ लागेल, इथल्या टेस्ट मी लिहिल्यात, माणूस चिकट आहे ना मी." मग एकदम गारा थांबल्या. "झालं. जार, म्हणजे बांधून झालेली फाइल, तुझ्या मशीनवरच्या साठ्यात जाऊन पडली. आता सर्व्हरवर चढव आणि पान उघडून बघ. मी बघत नाही, तू बघ."

फॉर्मवर त्याचा एवढा जीव का, तेही त्याने सांगितलं. विद्यापीठात प्रवेश घेताना फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. पानावरच्या कुठल्याच रकान्याला त्याचं नाव जोडलेलं नव्हतं. डोळस माणसाला शेजारी छापलेलं ‘पत्ता’, ‘जन्मतारीख’ दिसतं. त्याच्या कानात आवाज नुसता म्हणत होता, रकाना, रकाना, रकाना. त्याने अंदाजाने भरला. पत्त्याच्या जागी आजारांची यादी गेली, आणि कार्यालयातल्या बाईने फोन करून विचारलं की तू गोवरमध्ये राहतोस का. हे सांगताना तो हसायचा. पण टुईमध्ये रकान्याला नाव जोडल्याशिवाय पान बांधताच येणार नाही, अशी सोय त्याने करून ठेवली होती. त्यावरून तो जगभरच्या प्रोग्रॅमरांशी भांडलेला होता.

सकाळी त्याची आई त्याला गाडीने सोडायची. नोएलीन नाव. मॅथिसनबाई म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, नुसतं नोएलीन म्हणायचं. हिवाळ्यात त्या सगळ्या ऑफिससाठी फॉइलमध्ये गुंडाळून चीज रोल आणायच्या, गरम, लोण्याने ओथंबलेले, आणि ग्रँटला दोन जास्तीचे द्यायच्या, कारण त्याने त्यांच्या मुलाला नोकरी दिली होती. युअनला हे आवडायचं नाही. "आई, लाच कमी दे. पगार वाढत नाहीये," म्हणायचा.

हळूहळू मी रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले. सेंट किल्डाला, समुद्राजवळ, लहानसं विटांचं घर. हीटरशेजारी एक खुर्ची होती, तिच्यावर कोणी बसत नसे. ती नोएलीनच्या भावाची, कॉलिनची. कॉलिनमामाही जन्मापासून आंधळा. तिशीत त्याचे कान जायला लागले आणि पुढे पूर्ण गेले. शेवटची कितीतरी वर्षं तो त्या खुर्चीत बसून असायचा, आणि घरची माणसं त्याच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर लिहून त्याच्याशी बोलायची.

"त्याला क्रिकेटचं वेड," युअन मला सांगत होता. "मी लहान. मी रेडिओ ऐकायचो आणि एकेक चेंडू त्याच्या हातावर लिहायचो. एक धाव, दोन धावा. चौकार असला की अंगठा दाबायचा. विकेट पडली की मी मुद्दाम थांबायचो. तो ओरडायचा, अरे काय झालं ते लिही की. आंधळा पोरगा बहिऱ्या माणसाला मॅच सांगतोय. कुणी पाहिलं असतं तर रडलं असतं. आम्ही मात्र मजेत होतो."

जेवण झाल्यावर मी भांडी पुसायला आत गेले. नोएलीन सिंकपाशी उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत युअनने रेडिओ लावला होता. त्या नळ सोडून हळू आवाजात म्हणाल्या, "हे आमच्या घराण्यातलं आहे, पोरी. मुलींना काही होत नाही, मुलग्यांना होतं. आणि देते आई. डॉक्टरांनी मला युअन दोन वर्षांचा असताना सांगितलं. डोळे तर जन्मतःच गेले होते. कान जातीलच असं नाही, म्हणाले. मी तेवढंच धरून बसलेय."

"त्याला माहीत आहे?"

"मी कधी सांगितलं नाही." त्यांनी एक ताट उगाचच पुन्हा धुतलं. "तिशी ओलांडली त्याने. काही झालं नाही अजून. कधीकधी वाटतं, सुटलो."

त्यानंतरच्या शरद ऋतूत एक गोष्ट घडली, आणि मला तिचा आनंद झाला होता. मी माझ्या टेबलाशी काम करत होते. पाठीमागे युअनचं बिल्ड चाललं होतं, त्या गारा पडत होत्या. आणि अचानक मला त्यातलं एक वाक्य कळलं. स्पष्ट कळलं. ‘फॉर्मचा भाग जुळवत आहे.’ मग आणखी एक कळलं. मला वाटलं, इतके महिने ऐकून ऐकून माझा कान तयार झाला. मी खुर्ची वळवून म्हणाले, "युअन, मला कळायला लागलं. तुझा आवाज मला कळला."

त्याने कळ दाबून आवाज बंद केला. मग कानात हेडफोन घातले.

मी खट्टू झाले. वाटलं, याची मक्तेदारी गेली म्हणून रागावला. दोनतीन दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा कान तयार झाला नव्हता. त्याने आवाजाचा वेग कमी केला होता.

मी विचारलं नाही. काय विचारायचं? पण मग दिसू लागलं. फोनवर तो "परत सांगा" म्हणू लागला. जेवणाच्या सुट्टीत चारजण एकदम बोलू लागले की गप्प बसून सँडविच चावत राहायचा. पूर्वी त्या गोंगाटात सर्वांत मोठा आवाज त्याचा असे. ग्रँटने एकदा त्याला दारातून हाक मारली आणि तो जागचा हलला नाही. ग्रँटने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

वसंतात टुईची नवी आवृत्ती निघायची होती. ती बिल्ड करून जगासाठी ठेवायचं काम या वेळी युअनकडे होतं. त्याने ते केलं. आम्ही ती आमच्या वेबसाइटवर चढवली, आणखी पुष्कळ ठिकाणी पुष्कळांनी चढवली. आठवड्याभराने ऑस्ट्रेलियातून एका अंध बाईचं पत्र टुईच्या सगळ्या सांभाळणाऱ्यांना आलं. तिची आई वारली होती. गावच्या स्मशानात जागेसाठी अर्ज करायचा होता. पूर्वी ते पान तिला नीट वाचता यायचं, वडिलांच्या वेळी तिने स्वतः अर्ज भरला होता. या वेळी पान तिला नुसतं रकाना, रकाना म्हणत राहिलं. शेवटी शेजारणीला बोलावून भरून घ्यावा लागला. राग नव्हता पत्रात. काय झालंय ते कळवते, एवढंच लिहिलं होतं.

नव्या आवृत्तीत नावं आणि रकाने यांना जोडणारा धागाच तुटला होता. हे पकडायला युअनच्याच टेस्ट होत्या. पण त्या टेस्ट चालवायला लागणारा ब्राउझर त्याच्या मशीनवर नव्याने बसवल्यावर बिल्डला सापडेनासा झाला होता, म्हणून बिल्डने त्या चालवल्याच नव्हत्या. ‘टेस्ट वगळल्या’ असं मधल्या एका ओळीत म्हणून पुढे गेलं, आणि शेवटी ‘यशस्वी’ म्हणालं. पूर्वीचा युअन असता तर ती ओळ त्याने झोपेतही ऐकली असती. पण आवाज हळू केल्यापासून सगळं बिल्ड ऐकायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. ग्रँटला कळू नये म्हणून तो मधलं सोडून शेवटची ओळ तेवढी ऐकू लागला होता.

दुरुस्ती त्याने त्याच दिवशी केली. मग सगळ्यांना पत्र लिहिलं: चूक माझी आहे, मला ऐकू येईनासं झालंय, आवृत्ती काढायचं काम यापुढे दुसऱ्या कुणी करावं. उत्तरं आली, सगळी प्रेमाची. चेक देशातल्या म्हाताऱ्या प्राध्यापकाने लिहिलं की अशी चूक कुणाच्याही हातून झाली असती.

"कुणाच्याही नाही," युअन म्हणाला. "माझ्या हातून झाली. हे गोड बोलणं ऐकवत नाही मला." मग जरा थांबून, "म्हणजे तसंही ऐकवत नाही."

त्या संध्याकाळी मी त्याला घरी सोडलं. नोएलीनला सर्दी झाली होती. गाडी मी समुद्राच्या कडेला थांबवली, कारण त्यानेच सांगितलं थांबव. वारा जोराचा होता. मी मोठ्याने बोलत होते, तोंड त्याच्या उजव्या कानाशी नेऊन. तो कान त्यातल्या त्यात बरा होता.

"नोएलीनला सांगितलंस?"

"नाही. तिला वाटतं मला काही माहीत नाही." त्याने काच थोडी खाली केली. "मी बारा वर्षांचा असताना कॉलिनमामाच्या हातावर लिहून विचारलं होतं, माझंही असंच होणार का. त्याने माझं बोट धरून ठेवलं. मग म्हणाला, कदाचित. आईला विचारू नकोस. म्हणून नाही विचारलं. तेव्हापासून मी सगळं ऐकून घेतोय. माझा आवाज एवढा वेगात का असायचा, तुला वाटलं काय? शायनिंग मारायला?"

मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. तो म्हणाला, "चल आता, गारठलो."

पुढची दोन वर्षं उतरणीची होती. कानांच्या ऑपरेशनसाठी त्याने नाव नोंदवलं. नंबर लागायला फार वेळ गेला. कवटीत यंत्र बसवलं. पुष्कळांना त्याने पुन्हा बोलणं समजू लागतं. त्याला आवाज आले, शब्द आले नाहीत. "डबक्यात कुणीतरी भांडी घासतंय असं वाटतं," म्हणाला. काही महिने नेटाने सराव केला. मग त्या यंत्राचा कानामागचा भाग तो लावेनासा झाला.

कामासाठी त्याने ब्रेलची पट्टी घेतली. ती कीबोर्डच्या पुढ्यात ठेवायची; पडद्यावरची एक ओळ तिच्यावर बारीक टोकांनी वर येते, बोटाने वाचली की ती टोकं खाली जाऊन पुढची ओळ येते. ब्रेल त्याला लहानपणापासून येत होतं. पण पूर्वी ज्या ओळी गारांसारख्या येत होत्या त्या आता थेंब थेंब गळू लागल्या. दिवसाचं काम आठवड्याला जाऊ लागलं. ग्रँटने त्याला पुष्कळ सांभाळलं. सोपी कामं दिली, बैठकांना बसवायचं सोडलं. तेच युअनला लागलं. आणि त्याच सुमाराला आम्ही टुईवरून दुसऱ्या फ्रेमवर्ककडे वळत होतो. नव्या मुलांना टुई येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. एका शुक्रवारी युअनने आपला मग उचलला, ब्रेलची पट्टी पिशवीत टाकली आणि ग्रँटच्या टेबलापाशी जाऊन म्हणाला, "सोमवारपासून मी येत नाही." आपला आवाज केवढा आहे हे त्याला आता कळत नसे. सगळ्या ऑफिसने ऐकलं. ग्रँट उठून उभा राहिला आणि त्याने युअनचा हात दोन्ही हातांत धरला.

टुईचीही तीच गत झाली. वापरणारे कमी झाले, सांभाळणारे कंटाळले, एकजण वारला. त्यांनी ठरवलं, एक शेवटची आवृत्ती काढायची आणि बंद करायचं. ब्राझीलची ल्युसेलिया म्हणून एक बाई होती, तिने युअनला लिहिलं की शेवटची आवृत्ती तू काढ.

त्याने उलट लिहिलं, मला दया नको.

तिने लिहिलं, दया नाही. फॉर्मचा भाग आमच्यापैकी कुणालाच कळत नाही.

ते वाचून तो कितीतरी दिवसांनी हसला, असं नोएलीनने मला फोनवर सांगितलं. आणि म्हणाल्या, "तू ये शनिवारी. मला यातलं काही कळत नाही, आणि तो चिडला तर कुणीतरी हवं."

मी गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने सगळं मांडलं होतं. आता त्याच्याशी बोलायचं म्हणजे तळहातावर लिहायचं. मी ‘आले’ एवढं लिहिलं.

"मोरॅग. तुझं बोट गार असतं," तो म्हणाला. "बस. वाचू नको हं पडद्यावरचं. मी वाचणार आहे. माझं काही चुकतंय असं वाटलं तर सांग. नाही, तेव्हाही सांगू नको."

मूळ कोड आणला. कमांड दिली. पहिल्याच झटक्याला बिल्ड कोसळलं; नव्या जावाला तो जुना कोड मानवत नव्हता. त्याने जुनी जावा शोधून बसवली. दुसऱ्या खेपेला एक लायब्ररी मिळेना. ती जिथून यायची ती वेबसाइटच बंद पडली होती. मी त्याच्या हातावर लिहिलं, ‘ऑफिसच्या जुन्या मशीनवर असेल.’ तो म्हणाला, "मग जा आणि घेऊन ये की. इथे काय माझं तोंड बघायला आलीस?" मी गाडी काढून प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. ग्रँट शनिवारीही ऑफिसात होता. कशासाठी हवीय ते सांगितल्यावर त्याने स्वतः खाली वाकून ते धुळकट मशीन जोडून दिलं.

मी परत आले तोवर युअन तसाच बसलेला होता, बोटं पट्टीवर. लायब्ररी साठ्यात ठेवली आणि त्याने पुन्हा सुरू केलं. या वेळी चालू लागलं. एक ओळ वर यायची, त्याची बोटं डावीकडून उजवीकडे जायची, अंगठ्याने कळ दाबायचा, पुढची ओळ. आवाज कसलाच नव्हता. फक्त त्या टोकांची बारीक कुरकुर. हजारो ओळी. त्याने एकही सोडली नाही. मध्ये मध्ये बोटं सुन्न व्हायची, मग ती काखेत धरून गरम करायचा आणि परत लागायचा. नोएलीन दाराशी खुर्ची टाकून विणत होत्या. विणत होत्या म्हणजे सुया हातात होत्या.

फॉर्मचा भाग आला तेव्हा तो पुढे वाकला. टेस्टच्या ओळी वाचल्या. ‘वगळलेल्या: शून्य’ ही ओळ त्याने वाचली, बोटं मागे नेली आणि पुन्हा वाचली. शेवटची ओळ आली. मला दिसत होती. तो तिच्यापर्यंत पोचेस्तोवर मी ती दोनदा वाचली.

"यशस्वी म्हणतंय," तो म्हणाला. "मागे असंच म्हणालं होतं. थांब."

त्याने ती जार आपल्या मशीनवर बसवली, सर्व्हर सुरू केला, नमुन्याचं एक पान उघडलं आणि रकान्यांवरून एकेक करत गेला. पट्टीवर आलेलं मोठ्याने म्हणत होता. "नाव. पत्ता. जन्मतारीख. आईचं नाव." सगळ्या रकान्यांना नावं होती. मग त्याने ती आवृत्ती जगासाठी ठेवून दिली आणि सांभाळणाऱ्यांना एका ओळीचं पत्र पाठवलं.

"झालं," म्हणाला.

नोएलीन उठल्या. त्याच्याजवळ येऊन बसल्या आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. कॉलिनच्या हातावर त्यांनी इतकी वर्षं लिहिलं होतं, पण मुलाच्या हातावर लिहिताना त्या मोठी, तुटक अक्षरं काढत. त्या दिवशी मला ती वाचता आली. त्या लिहीत होत्या, माझ्यामुळे.

शब्द पुरा व्हायच्या आत युअनने मूठ मिटली.

"आई, ते लिहू नको," तो नको तेवढ्या मोठ्याने म्हणाला. "मला बारा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. कॉलिनमामाने सांगितलं. दुसरं काहीतरी लिही."

नोएलीनने माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला पाहवेना, मी खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने मूठ उघडली. त्यांनी लिहिलं, ‘चहा?’

"हो," तो म्हणाला. "साखर जास्त."

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात नोएलीन गेल्या. बाजारात सामान घेताना कोसळल्या, दवाखान्यात पोचल्याच नाहीत. चर्चमध्ये मी युअनशेजारी बसले होते. कोण कोण आलंय ते मी त्याच्या हातावर लिहीत होते: ग्रँट, शेजारचं जोडपं, त्यांच्या विणकामाच्या मैत्रिणी. भजन सुरू झालं तेव्हा बाकाला कंप आला. त्याने विचारलं, "कुठलं म्हणताहेत?" मी नाव लिहिलं. तो म्हणाला, "तिला ते आवडायचं नाही." आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं. कुणी वळून पाहिलं नाही.

सेंट किल्डाचं घर विकलं. तो टिमारूला आपल्या बहिणीकडे, कर्स्टीकडे राहायला गेला. संगणक घेऊन गेला होता, पण तो त्याने परत जोडला नाही. कर्स्टी म्हणते, सकाळी बागेत असतो, बटाटे लावतो, काढतो. तिची मुलं शाळेतून आली की त्याच्या हातावर काहीबाही लिहितात.

मी वर्षातून दोनतीनदा बसने जाते. ऑफिसात आता टुईचं नाव कुणाला माहीत नाही. एकदा मी त्याला लिहून विचारलं, बिल्ड करावंसं वाटतं का कधी? त्याने खांदे उडवले. "कशाचं करू?"

गेल्या खेपेला आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. ऊन होतं. तो आपण होऊन म्हणाला, "स्वप्नात मला ऐकू यायचं. कान गेल्यावरसुद्धा. लोक बोलायचे, फोन वाजायचा, समुद्र असायचा. मला झोप आवडायला लागली होती त्यामुळे."

मी लिहिलं, ‘आता?’

"आता लोक हातावर लिहितात. स्वप्नातही. एकेकाचा आवाज गेला. आईचा शेवटपर्यंत होता." त्याने पायरीवरचा पाला हाताने झाडला. "परवा ती आली. बसली शेजारी. आणि तिनेही हातच घेतला माझा."

मी त्याच्या तळहातावर बोट टेकवलं. त्याने हात मागे घेतला नाही. कर्स्टी आतून येऊन बसची वेळ झाली म्हणून सांगेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.